धूर मागच्याला दिसतो

सिग्नलला पुढे एखादी जुनी रिक्षा निळा धूर ओकत उभी राहिली, की आमची सून झटकन काच वर करते. "आई, नाकाला रुमाल लावा," म्हणते. लावते मी. पण त्याआधी चोरून एक श्वास ओढून घेते. जळक्या ऑइलचा वास, कुणाला आवडेल सांगा? मला आवडतो. त्या वासाबरोबर खाकी हाफपँट येते, पांढरी गंजी येते, गळ्यातला काळ्या दोऱ्यातला क्रूस येतो आणि मनवेलमामांचा तो प्रश्न येतो, "बाय, काय दिसला?" मग घरी पोचेपर्यंत मी कुणाशी धड बोलत नाही. सुनेला वाटतं, आईंना धुराचा त्रास होतो. होतोच की.

गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदरला राहायला आलो, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जेसल पार्कात इमारती मोजक्या, चिखल भरपूर आणि खाडीचा वारा फुकट. सासूबाई म्हणाल्या, "वनवासात चाललात." पण वनवासाला निघालेल्या रामाने निदान रथ परत पाठवला होता, आमच्या ह्यांनी उलट एक रथ विकत घेतला. बँकेतल्या साहेबांची जुनी गाडी, हिरवट रंगाची, टॅक्सीच्या जातीची. मी म्हटलं, "अहो, घरात धड कपाट नाही आणि गाडी?" तर म्हणे, "संधी होती." संधी कसली, आ बैल मला मार!

थोड्याच दिवसांत कळलं की गाडी तेल पिते. पेट्रोल पिणारच, त्याबद्दल तक्रार नाही; ही इंजिनातलं ऑइल प्यायची. एका रविवारी भरावं आणि पुढच्या रविवारी ऑइल मोजायची पट्टी काढून बघावी, तर टोकाला कसंबसं ओलं. मागून निळसर धूर. सोसायटीतली पोरं "आग, आग!" ओरडत मागे धावायची. बाजारातल्या एका मेकॅनिकने बॉनेटसुद्धा न उघडता सांगून टाकलं, "पूर्ण इंजिन खोलावं लागेल." ह्यांचा चेहरा असा पडला की मलाच दया आली. तेव्हा खालच्या मजल्यावरचे रमेशभाई म्हणाले, "वो खाडी के पास पत्रे का शेड है ना, मनवेलभाई का, उधर दिखाओ. वो खोलता नहीं. पहले देखता है."

रमेशभाई अनुभवाने बोलत होते. त्यांच्या गाडीतूनही धूर यायचा, तोही बॉनेटखालून. ते मामांकडे जाऊन म्हणाले होते, "मनवेलभाई, सब बोलते हैं इंजन गया." मामांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "किदर गया? इदरच हय." आणि खरंच, वरच्या झाकणाचं गॅस्केट चिरलं होतं. तेल बाहेर झिरपत होतं, तापलेल्या पाइपवर पडत होतं आणि तिथे जळत होतं. इंजिन बिचारं धडधाकट. गॅस्केट बदललं, धूर बंद. मामा अशा गळतीला "जखम" म्हणायचे.

त्यांच्या हिशेबात तेलाचे आजार तीनच. एक जखम, दुसरी तहान, तिसरं म्हातारपण. जखम बांधता येते, तहान भागवता येते. म्हातारपणावर काय करायचं ते ते कधी सांगायचे नाहीत, नुसते हात पुसत राहायचे.

आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ह्यांना पहिला प्रश्न टाकला, "पिते की गलते?"

"पिते वाटतं," हे म्हणाले.

"वाटता न्हाय. बघायचा." त्यांनी गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा पसरला आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी बोलावलं. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. "जखम न्हाय," मामा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "ही कोन, बायको? बाय, तू चल माज्या गाडीत."

"मी? मी कशाला?"

"धूर बघायला."

मला हसू आलं. मी म्हटलं, गाडी ह्यांची, पुढे बसून हेच बघतील ना. मामा म्हणाले, "मालक कवा खरा बोलतो? आपल्या गाडीचा धूर आपल्याला दिसत न्हाय, बाय. मागच्याला दिसतो."

मग वरात निघाली. पुढे आमची हिरवट गाडी, हे तोंड करारी करून चालवतायत, आणि मागे मामांची क्रीम रंगाची गाडी, तिच्यात मी. रेल्वेचं फाटक ओलांडून उत्तनच्या रस्त्याला लागलो. मामांची नजर रस्त्यावर आणि माझी ह्यांच्या सायलेन्सरवर. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण नवऱ्याच्या मागे मी इतकं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं. चढावर धूर नाही. उतारावर ह्यांनी पाय काढला, तरी नाही. खाली येऊन पुन्हा पाय दाबला मात्र, भसकन निळा लोट आला. मी ओरडलेच, "आला, आला!"

"ऱ्हायला की गेला?"

"गेला."

"तहान हाय," मामा खुशीत म्हणाले. व्हॉल्व्हच्या दांड्यांना रबराची टोपडी असतात, ती कडक झाली की उतारावर इंजिन तिथून तेल ओढून घेतं आणि पुन्हा पाय दाबला की एका दमात जाळतं. टोपडी बदलली की झालं. "चढावर सगला वेल धूर आला असता, तर म्हातारपन. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर झिजला. तुजी गाडी तरनी हाय."

गाडी खरंच सुधारली. आणि मला आयुष्यभर पुरेल असं एक काम लागलं. मामांकडे धुराची तक्रार आली आणि माझी सुट्टी असली, की शेडमधून सांगावा यायचा, "बायला पाठवा." टेलिफोनच्या ऑफिसात दिवसभर हेडफोन लावून बसणारी मी, रविवारी उत्तनच्या उतारावर लोकांच्या गाड्यांचे धूर बघत हिंडायचे. शेजारणी म्हणायच्या, "हे काय गं खूळ?" म्हटलं, तुम्ही टीव्ही बघता, मी धूर बघते.

मामा पालीचे. पाली म्हणजे उत्तनजवळचं कोळ्यांचं गाव, समुद्राला टेकलेलं. तरुणपणी ते मोठ्या बोटीवर इंजिनखोलीत होते. तिथून दोन वस्तू घेऊन आले, एक दाब मोजायचं घड्याळ आणि दुसरी म्हणजे सगळ्यांना अरेतुरे करायची सवय. इन्स्पेक्टर असो की डॉक्टर, "काय रे, पिते की गलते?" खिशात कायम एक स्टीलचा चमचा. खतरीनमामी, म्हणजे त्यांची बायको, दर आठवड्याला घरातला एक चमचा हरवला म्हणून शेडपर्यंत भांडायला यायची. तो चमचा तपासणीचा. धुरावरून नक्की कळलं नाही, तर मामा प्लग काढून दाबाचं घड्याळ लावायचे. दाब कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडायचे आणि पुन्हा मोजायचे. तेलाने दाब वाढला तर रिंगा झिजल्या, कारण तेल त्या फटी तात्पुरत्या बुजवतं. नाही वाढला तर दोष वर, व्हॉल्व्हमध्ये. एवढं करून झाल्यावर तोच चमचा फडक्याला पुसून ते चहात साखर ढवळायचे. मी शपथेवर सांगते, मी तो चहा प्यायलेय.

त्यांच्याच गावचा जाकोब नावाचा मासेवाला एकदा टेम्पो घेऊन आला. टेम्पो कसला, निळ्या धुराची गिरणी! मामांनी ऑइलची पट्टी काढली आणि बघतच राहिले. खुणेच्या कितीतरी वर, पट्टी गळ्यापर्यंत बुडालेली. जाकोबची सवय अशी की होडी समुद्रात घालण्याआधी पहाटे इंजिनाला थोडं तेल पाजायचंच. होडी चालवणाऱ्या तांडेल लोकांचा नेम तो, इंजिनाला उपाशी नेऊ नये. त्याने तोच नेम टेम्पोला लावला होता. खुणेवर असलं तरी रोज सकाळी छातीवर क्रूसाची खूण करायची आणि तेल ओतायचं. आतला दांडा ते जादा तेल घुसळून वर फेकत होता आणि टेम्पो ते जाळत होता.

"अरे जाकब्या," मामा म्हणाले, "होडी हलते, डुलते, तिला मोप लागता. ही जमिनीवर चालते रे बाबा! तिला जुलाब लावलेस तू." जादा तेल काढलं आणि टेम्पो शहाण्यासारखा वागायला लागला. जाकोब लाजून म्हणाला, "पन मामा, न पाजता निघाया जीव होत न्हाय." मामा त्यावर हसले नाहीत. म्हणाले, "मग हाताचं बोट तेलात बुडवून पट्टीला लाव. तिला समजंल." मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं.

आता क्रीम गाडीचं सांगते, कारण खरं सगळं तिच्याशी येऊन थांबतं. ती गाडी मामांची नव्हतीच, ती पालीची होती. गावातली प्रत्येक नवरी त्याच गाडीतून देवळात जायची. चर्चला तिकडे देऊळच म्हणतात. पुढे बँड, मागे वऱ्हाड, मधे क्रीम गाडी चालीचालीने, पहिल्या गिअरमध्ये. मामा त्या दिवशी कोट घालायचे, बूट घालायचे आणि एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने नवरीच्या रडणाऱ्या आईला खिडकीतून रुमाल द्यायचे. मी अशा दोन-तीन लग्नांना गेले होते. बँडमागून त्या गाडीचा नवा रंग उन्हात असा चकाकायचा की आपलंही पुन्हा लग्न व्हावं असं वाटायचं, अर्थात नवरा तोच धरून.

त्या गाडीचं इंजिन मामांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून बांधलं होतं. इनास त्याचं नाव. होड्या किनाऱ्यावर चढवलेल्या असतात त्या महिन्यांत बापलेकाने शेडमध्ये बसून सगळं सुटं करून नवं केलं. सिलिंडर बोर करून, म्हणजे आतून कातून आणला, पिस्टन नवे घातले. मामा सांगायचे, बोल्ट सगळे इनासने आवळले, मी नुसता बाजूला बसून विड्या ओढल्या. पुढचा हंगाम सुरू झाला, इनास मासेमारीला गेला आणि आला नाही. होडी आली, बाकीचे आले, इनास न्हाय आला. हे मला मामीने सांगितलं. मामा इनासबद्दल बोलायचे ते फक्त इंजिनाबद्दल बोलताना, आणि तेही तो अजून आहे असंच. "इनास बोल्ट जरा जास्तच आवळतो," असं म्हणायचे.

वर्षं गेली. जेसल पार्कात इमारती उगवल्या, खाडीचा वारा शेडपर्यंत पोचेना. आणि एका लग्नात मी वऱ्हाडात चालत होते, तर समोर निळा धूर. लोक खोकायला लागले. नवऱ्याकडच्या कुणीतरी टोमणा मारला, "नवरीची गाडी हाय का डास मारायची?" सगळे हसले. मामा पुढे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मला म्हणाले, "तहान लागलीय तिला. टोपडी बदलतो."

बदलली. पुढच्या लग्नात धूर तेवढाच.

"प्लग खराब असंल," म्हणाले. मग म्हणाले तेलच भेसळीचं. मला राग येत होता. हाच माणूस दुनियेला ठणकावून सांगतो, वाटता न्हाय, बघायचा, आणि स्वतःच्या गाडीत मागचा आरसा खाली वळवून ठेवतो! हो, आरसा त्यांनी मागच्या काचेवरून सीटकडे वळवला होता. मी बघितलं होतं.

त्यात रोझीचं लग्न ठरलं. रोझी त्यांची मुलगी, मस्कतला नर्स. तिकडून तिने एकच कळवलं, बाकी काय करायचं ते करा, मी आपल्याच गाडीतून देवळात जाणार. मामीने शेडमध्ये येऊन कपाळाला हात लावला. पांढराशुभ्र झगा, मागे पाहुणे, आणि हा धूर! म्हणाली, "बाय, तुजा ऐकतील. तू सांग."

मग मीच म्हटलं, "मामा, चला उतारावर." त्यांनी फडक्याला हात पुसले. मग चावी घेऊन निघाले. त्यांच्या मागून ह्यांच्या गाडीत मी. चढ सुरू झाला आणि क्रीम गाडीमागे धुराची निळी दोरी लागली, ती चढ संपेपर्यंत तुटली नाही. उतारावर विरळ झाली, पुढच्या चढावर पुन्हा घट्ट. हे हळूच म्हणाले, "काय सांगणार आहेस?"

माथ्यावर मामा गाडी थांबवून उतरले. "बाय, काय दिसला?"

"चढावर सगळा वेळ, मामा. थांबलाच नाही."

मामांनी मान डोलावली आणि गाडी वळवली. शेडमध्ये येऊन त्यांनी प्लग काढला, घड्याळ लावलं, खिशातला चमचा काढला. अर्धं तेल बाहेरच सांडलं. तरीही काटा वर गेला. रिंगा झिजल्या होत्या. त्यांना तपासायची गरज नव्हती, मलाही नव्हती.

"मग उघडा ना, मामा," मी म्हटलं. "लग्नाला वेळ आहे. रिंगा घाला, जमलं तर बोर करा. तुम्हाला काय अवघड आहे?"

मामा स्टुलावर बसले. चमचा फडक्याला पुसला. मग म्हणाले, "बाय, आतला एकेक बोल्ट इनासने आवललाय. त्याचा हात लागलेला आता दुसरा काय ऱ्हायलाय? मी पाना लावला की तो सुटला. परत मीच आवलायचा. मग त्याचा काय ऱ्हायला?"

मला रडू आलं, मी रडले. ह्यांनी बाहेर जाऊन उगाचच आमच्या टायरची हवा बघितली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी पालीला गेले, तेव्हा अंगणात गाडीचं बॉनेट उघडं होतं. मामा पाना हातात घेऊन वाकले होते. मुलीच्या लग्नापुढे काय, असं त्यांनी ठरवलं असावं. आता एका दिवसात इंजिन कुठून होणार, हे त्यांच्यासारख्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. पाना बोल्टवर बसला होता, पण फिरत नव्हता. हळद लागलेली रोझी तशीच बाहेर आली आणि त्यांच्या हातातून पाना काढून घेतला. "उघडू नका, पप्पा. दादा हाय तसा राहू दे."

"मग तू कशी जाशील?"

"याच गाडीत."

"आनि धूर? तुज्या झग्यावर?"

रोझीने पाना पाठीमागे धरला. मामी दारात उभी, मी अंगणातल्या एका कुंडीजवळ. तेवढ्यात मांडवाचे बांबू बांधणारा जाकोब वरून म्हणाला, "मामा, होडी किनाऱ्याला चढवतो, तवा इंजिन चालू करतो काय आपन?"

कुणालाच पटकन कळलं नाही. जाकोब खाली उतरला. "दोर लावू. वडू. देऊल काय लांब हाय?"

नंतरचं सगळं आधी सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी पाहिजे तिथे थांबता येईल. रोझी मस्कतला परत गेली. शेडची जागा इमारतीत गेली. मामांचे गुडघे गेले, मग नजर गेली, आणि एका हिवाळ्यात मामा गेले. मी मातीला गेले होते. मामीने मला चमचा दिला. क्रीम गाडी पालीच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली, खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला, पण बॉनेट कुणी उघडलं नाही. मीही आता त्या बाजूला फारशी जात नाही. तिकडे सगळ्या गाड्या नव्या, कुणी तेल पीत नाही आणि मला कुणी बोलावत नाही.

पण त्या दुपारी पालीतले सगळे पुरुष दोराला होते. सूट घातलेले, टाय लावलेले, आणि हातात होडीचा जाड दोर. पुढे बँड. जाकोबने आरोळी दिली की सगळे एकदम ओढायचे, जशी होडी वाळूतून वर काढतात तशी, आणि क्रीम गाडी एक हात पुढे सरकायची. मग बँडवाल्यांनी आपली चाल त्या आरोळीला जुळवून घेतली. बायका हसत होत्या, रडत होत्या. आत रोझी, झगा दुधासारखा. गाडीला आवाज नव्हता, फक्त चाकाखालची वाळू करकरत होती. मामा कोट घालून स्टिअरिंग धरून बसले होते, ताठ. आरसा त्यांनी सरळ केला होता.

मी गाडीच्या मागे चालत होते. ती माझी नेहमीची जागा.

देवळाशी गाडी थांबली. रोझी उतरली, पायऱ्या चढायला लागली. मामांनी उतरायचं सोडून खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मागे वळून मला शोधलं.

"बाय, काय दिसला?"

मी सायलेन्सरकडे बघितलं. "काही नाही, मामा."

"धूर?"

"न्हाय मामा. अजिबात न्हाय."

त्यांनी डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं, एखाद्याच्या पाठीवर थोपटावं तसं. डोळे भरले होते आणि चेहरा हसत होता.

"बोललो न्हवतो मी? इनासने बांधलाय तो."